आधी पदार्थ ठरवा, मग बी: घरच्या वांग्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी वांगी लावायची आहेत. कोणतं बी आणू?

या प्रश्नाला उलटा प्रश्न असा, की घरात वांग्याचं काय आवडीनं खाल्लं जातं? कुंड्या दोन-चारच असतात, आणि भरताचं वांगं भरून करायला घेतलं तर ते शिजतही नाही नीट आणि मसालाही धरत नाही. म्हणून पदार्थ आधी, बी नंतर.

भरल्या वांग्यांसाठी लहान, काटेरी, जांभळ्यावर पांढरे पट्टे असलेली वांगी हवीत. मांजरी गोटा हे पुण्याजवळच्या मांजरीचं नाव मिरवणारं वाण जुनं आणि चवीला भरवशाचं. कृष्णा हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं संकरित वाण, त्याला माल भरपूर लागतो. सांगलीकडे असाल तर कृष्णाकाठच्या वांग्यांचं बी एखाद्या शेतकऱ्याकडून मागून घ्या. तिथल्या वांग्यांची चव त्या काळ्या मळीच्या जमिनीची आहे हे खरं, पण कुंडीतही ती वांगी निराश करत नाहीत.

भरतासाठी जळगावकडची मोठी, फिकट हिरवी, कमी बियांची वांगी. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यावल तालुक्यातल्या बामणोदचं नाव त्यासाठी खानदेशात आदरानं घेतलं जातं. राहुरीचं फुले हरित हेही भरताला चांगलं. मात्र या वांग्यांची झाडं मोठी होतात आणि फळाच्या वजनानं फांद्या मोडतात, तेव्हा आधाराची काठी पहिल्या दिवसापासून हवी.

काप करायचे असतील तर मोठं, गरदार, जांभळं वांगं घ्या. गोव्यात आगशीची वांगी त्यासाठी लोक शोधून नेतात. परतून भाजी करायला लांब वांगी सोयीची, त्यांना पुसा पर्पल लाँग घ्या.

जागा एकाच कुंडीची असेल तर माझं मत विचाराल तर काटेरी, पट्ट्यांचं लहान वांगं. त्याची भाजी होते, भात होतो, भरून होतं, आणि एका झाडावर एका वेळी चार-पाच फळं मिळाली तरी दोन माणसांची भाजी निघते.

कुंडी केवढी घ्यायची आणि माती कशी हवी?

एका झाडाला निदान 15 ते 20 लिटरची कुंडी किंवा ग्रो बॅग. वांग्याचं मूळ खोल जातं, पसरट ट्रेमध्ये ते खुंटतं. दोन भाग चाळलेली माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुंडीमागे दोन मुठी निंबोळी पेंड पुरते. तळाची भोकं खापराच्या तुकड्यांनी झाका, बुजवू नका.

एक गोष्ट लोक विसरतात. टोमॅटो, मिरची, बटाटा आणि वांगं ही एकाच कुळातली झाडं, त्यांचे रोगही सामाईक. ज्या मातीत गेल्या हंगामात टोमॅटो मर (झाड अचानक कोमेजण्याचा रोग) लागून गेला, त्या मातीत वांगं लावू नका. तिथे मेथी किंवा घेवडा घ्या. जमिनीवर लावत असाल तर दोन रोपांत दोन ते अडीच फूट अंतर ठेवा. सुरुवातीला ते फार वाटेल, दोन महिन्यांनी कमी वाटेल.

बी कधी पेरायचं?

महाराष्ट्रात तीन हंगाम जमतात: जून, सप्टेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी. सप्टेंबरची पेरणी सगळ्यांत सुखाची. पाऊस ओसरलेला असतो, रोग कमी असतात आणि फळं थंडीत येतात. थंडीतल्या वांग्याची चव उन्हाळी वांग्याला नाही. कोकणात जूनच्या मुसळधार पावसात रोपं कुजतात, तिथे पावसाळा संपल्यावरच हात घाला.

रोप कसं तयार करू? बी उगवतच नाही.

बहुतेक वेळा बी खोल गेलेलं असतं. वांग्याचं बी बारीक, ते अर्धा सेंटिमीटरपेक्षा खाली नको. ओलसर कोकोपीट आणि गांडूळखताच्या मिश्रणात टाका, वरून चिमूटभर खत भुरभुरा आणि सावलीत ठेवा. 25 ते 30 अंश तापमानात साधारण आठवडा-दहा दिवसांत उगवतं. कडाक्याच्या थंडीत जास्त वेळ लागतो, तेव्हा लगेच ट्रे उकरू नका.

उगवताक्षणी ट्रे उजेडात आणा, नाहीतर रोपं लांबट आणि लुळी होतात. पाणी झारीनं, सकाळी आणि बेतानं द्या. संध्याकाळी भिजवलेल्या ट्रेमध्ये रोपं बुंध्याशी कुजून आडवी पडतात. चार-पाच खरी पानं आली, उंची वीतभर झाली की, म्हणजे चार ते सहा आठवड्यांनी, संध्याकाळच्या वेळी मोठ्या कुंडीत हलवा.

ऊन किती लागतं?

रोज सहा तास थेट ऊन. चार तासांत झाड जगतं पण फळ फारसं देत नाही. फक्त उजेड येणाऱ्या बाल्कनीत पालक-पुदिना लावा.

पाणी आणि खत?

पाण्यात नियमितपणा हवा. तीन दिवस कोरडं आणि चौथ्या दिवशी तुडुंब असं केलं की फुलं गळतात आणि वांगी कडवट होतात. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या. बुंध्याभोवती वाळलेली पानं किंवा उसाचं पाचट पसरलं तर उन्हाळ्यात निम्मी काळजी मिटते.

दर तीन आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत घाला, मध्ये एकदा पातळ जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण. युरियाचा मोह टाळा. त्यानं झाड हिरवंगार आणि रुबाबदार दिसतं, पण फुलं कमी येतात आणि कोवळ्या पाल्यावर मावा-तुडतुडे तुटून पडतात.

फुलं खूप येतात, पण गळून जातात. का?

यावर खूप लोक हवालदिल होतात, म्हणून जरा सविस्तर सांगणं गरजेचं आहे.

वांग्याच्या सगळ्या फुलांचं फळ होत नसतं. फूल नीट पाहा. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा सुळका असतो आणि त्यातून स्त्रीकेसराचं हिरवट टोक बाहेर डोकावतं. ज्या फुलात ते टोक पुंकेसरांच्या वर आलेलं असतं, तिथे फळ धरतं. ज्यात ते आखूड राहून आत दडलेलं असतं, ते फूल बहुधा गळतं. एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुलं असतात. झाड उपाशी असेल किंवा उन्हानं पोळत असेल तर आखूड टोकाची फुलं वाढतात. तेव्हा थोडी गळ पाहून घाबरायचं कारण नाही. सगळीच गळत असतील तर खत-पाण्याकडे पाहा.

दुसरं कारण परागीभवन. वांग्याचे परागकण पुंकेसराच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून बाहेर पडतात, तेही फूल थरथरलं तरच. भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या रानमाश्या फुलाला लटकून अंग थरथरवतात आणि पराग पाडतात. सातव्या मजल्यावर त्या पोचत नाहीत, तिथे ते काम आपलं. सकाळी फुलाच्या मागच्या देठाला बोटानं हलक्या टिचक्या मारा. फूल स्वतःच्याच परागानं फळू शकतं, त्याला एवढा धक्का पुरतो.

तिसरं कारण तापमान. पारा 35 अंशांच्या वर गेला की फलधारणा मंदावते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी हिरवी शेडनेट बांधा आणि झाडाकडून फार अपेक्षा ठेवू नका.

कोवळा शेंडा अचानक मान टाकतो. पाणी तर भरपूर आहे.

ही शेंडे आणि फळं पोखरणारी अळी, वांग्याची सर्वांत मोठी वैरीण. पांढरट पतंग पानांवर आणि कोवळ्या भागांवर अंडी घालतो. गुलाबीसर अळी बाहेर पडली की थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते. एकदा ती आत गेली की वरून काहीही फवारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. फळात शिरतानाचं छिद्र इतकं बारीक असतं की ते दिसेनासं होतं. आपल्याला वांग्यावर जे ठळक भोक दिसतं ते बहुतेकदा अळी बाहेर पडल्याचं असतं. म्हणूनच भोक नसलेल्या वांग्यातही अळी निघते, आणि भोकाच्या वांग्यात कधीकधी निघत नाही.

उपाय एकच मुळावर घाव घालतो: मान टाकलेला शेंडा दिसला त्याच दिवशी खाली बोटभर अंतरावर कापा आणि अळीसकट नष्ट करा. कचऱ्याच्या बादलीत उघडा टाकू नका, कंपोस्टमध्येही नको. साबणाच्या पाण्यात बुडवा. किडकी फळंही तशीच काढा. कापलेल्या जागेखालून नवे फुटवे येतात, झाडाचं नुकसान होत नाही. झाडं आठ-दहा असतील तर या किडीसाठीचा कामगंध सापळा लावा, नर पतंग त्यात अडकतात. मोजकीच झाडं असतील तर बारीक जाळीचा तंबू सर्वांत चांगला. फक्त त्यात भुंगेही येत नाहीत, म्हणून टिचक्या मारायचं काम रोजचं झालं.

दहा दिवसांतून एकदा संध्याकाळी निंबोळी अर्क फवारा: 50 ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, एक लिटर द्रावण करा आणि थोडा साबण घाला. तो अंडी घालायला आलेल्या पतंगाला काहीसा दूर ठेवतो आणि रस शोषणाऱ्या किडींवरही चालतो.

पानांची जाळी झाली आहे. पानं पिवळी पडून खाली जाळंही दिसतं.

या दोन वेगळ्या गोष्टी. पान खरवडून जाळी करणारा तो अठ्ठावीस ठिपक्यांचा मळकट तांबूस भुंगेरा आणि त्याच्या पिवळ्या काटेरी अळ्या. हातानं वेचून काढा. पण लालचुटूक, चकचकीत ढालकिडा दिसला तर त्याला हात लावू नका, तो मावा खातो.

पानाखाली बारीक जाळं आणि पानांवर फिकट ठिपके असतील तर लाल कोळी. कोरड्या उन्हाळ्यात येतो. दोन-तीन दिवस सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा द्या.

झाडाला इवलीइवली पानं येऊन झुपका झाला आहे, फळ नाही.

बोकड्या किंवा पर्णगुच्छ. तुडतुडे हा रोग पसरवतात आणि त्याला औषध नाही. झाड मुळासकट उपटा, वाट पाहू नका. शेजारची झाडं वाचवायची असतील तर हे मन घट्ट करूनच करावं लागतं.

हिरवंगार झाड दोन दिवसांत मलूल होऊन गेलं.

बुंध्याचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात पाण्यात धरा. कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी धार उतरली तर जिवाणूजन्य मर. ती माती पुन्हा वांगं, टोमॅटो, मिरचीला वापरू नका. तुमच्या भागात हे नेहमीच होत असेल तर रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं काही रोपवाटिकांत मिळतात, ती घ्या.

वांगं तोडायचं कधी?

कातडी तकतकीत असताना. अंगठ्यानं हलकं दाबा. खळगा पडून लगेच भरून आला तर आजच तोडा. खळगा तसाच राहिला किंवा चकाकी गेली असेल तर आत बी तपकिरी व्हायला लागलं आहे, वांगं जून आणि कडसर होणार. ‘अजून थोडं मोठं होऊ दे’ हा विचार घरच्या बागेत फार नुकसान करतो, कारण जून फळ झाडावर राहिलं की झाड पुढची फुलं आवरतं घेतं. लावणीनंतर साधारण दोन ते अडीच महिन्यांत पहिली तोडणी येते, मग दर चार-पाच दिवसांनी पाहायचं. ओढू नका, देठ ठेवून कात्रीनं कापा.

झाड थकलं, फळं लहान झाली. उपटू का?

बुंधा निरोगी असेल तर नको. जमिनीपासून वीत-दीड वीत ठेवून छाटा, वरची माती हलवून खत द्या. नवे धुमारे येतात आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा फळं लागतात.

घरचं बी धरता येतं का?

देशी वाणाचं येतं. संकरित वाणाचं धरलं तर पुढची झाडं एकसारखी निघत नाहीत. चांगल्या झाडावरचं एक फूल उमलण्याआधी मलमलीच्या पिशवीत बांधा, फळ धरलं की पिशवी काढून दोरा बांधून खूण करा. ते फळ पिवळं-तपकिरी होईपर्यंत झाडावर ठेवा. गर पाण्यात कुस्करा, तळाशी बसलेलं बी घ्या, सावलीत वाळवा. दोन-तीन वर्षं छान उगवतं.

दुकानातलं संकरित बी म्हणजे बीटी वांगं का?

नाही. संकरित म्हणजे दोन वाणांच्या संकरातून आलेलं. बीटी वांग्यात जिवाणूचं जनुक घातलेलं असतं, वर सांगितलेल्या अळीविरुद्ध. भारतात त्याच्या लागवडीला फेब्रुवारी 2010 मध्ये स्थगिती दिली गेली. बांगलादेशात 2013 मध्ये परवानगी मिळाली आणि तिथले शेतकरी ते लावतात.

वांगी फ्रिजमध्ये किती दिवस टिकतात?

वांग्याला फार थंडी सोसत नाही. 10 अंशांखाली काही दिवस राहिलं की कातडीवर खड्डे पडतात आणि आतून बी काळवंडतं. घरची असतील तर ज्या दिवशी करायची त्या दिवशी तोडा. विकतची दोन दिवस टोपलीत सावलीत राहतात. ठेवायचीच असतील तर कापडी पिशवीत, फ्रिजच्या सर्वांत खालच्या खणात.

चिरली की काळी पडतात.

कापल्यावर आतल्या द्रव्यांचा हवेशी संबंध येतो म्हणून. मिठाच्या पाण्यात टाका. अर्धा तास भिजत ठेवायची गरज नाही, फोडणी होईपर्यंत पुरे.

भरली वांगी फुटतात आणि मसाला रश्शात उतरतो. काय चुकतं?

आच मोठी असते, पाणी लवकर पडतं आणि ढवळणं जास्त होतं. आठ-दहा लहान वांगी घ्या, देठ ठेवून खालून अधिक चिन्हासारख्या दोन चिरा द्या आणि आत पाहून घ्या. अर्धी वाटी दाण्याचं कूट, दोन चमचे भाजलेले तीळ, दोन-तीन चमचे भाजलेलं सुकं खोबरं, दोन चमचे गोडा मसाला, तिखट, हळद, मीठ, सुपारीएवढा गूळ, चमचाभर चिंचेचा दाट कोळ आणि कोथिंबीर. मसाला कोरडा वाटला तर चमचाभर तेल घाला, पाणी नको. दाबून भरा.

तेल जरा सढळ, मोहरी-हिंगाची फोडणी, वांगी एकेक करून ठेवा. मंद आच आणि झाकणावर पाणी ठेवा. दहा मिनिटांत एकदाच उलटा. वांगी अर्धवट मऊ झाली की झाकणावरचं गरम झालेलं पाणीच कडेनं घाला, उरलेला मसालाही तेव्हाच. गार पाणी घातलं की शिजणं थबकतं आणि कातडी चिवट होते. देठ चोखून खाण्यात अर्धी मजा आहे, तो कापून टाकू नका.

खानदेशी भरताची चव घरच्या गॅसवर येते का?

जवळपास येते. तिकडे तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजतात. तो धूर गॅसला नाही. पण खरा फरक वांग्यात आणि ठेचण्यात आहे. वांग्याला एक उभी चीर देऊन अळी नाही ना ते पाहा, शिवाय चीर असली की भाजताना वांगं फुटत नाही. तेलाचा हात लावून थेट ज्योतीवर, कातडी सगळीकडून काळी होऊन देठाजवळही बोट आत जाईपर्यंत भाजा. देठाकडचा भाग कच्चा राहिला तर भरीत घशाला खवखवतं. मग झाकून ठेवा, सोला, पण पाण्याखाली धुऊ नका. सगळी चव धुपून जाते.

हिरव्या मिरच्या आणि लसूणही भाजून घ्या. खानदेशात हे सगळं लाकडी बडगीत ठेचतात. तुमच्याकडे खलबत्ता किंवा लाकडी रवी असेल तरी चालेल, मिक्सर मात्र नको, त्याचा लगदा होतो आणि रेषा जातात. तेलात शेंगदाणे तळा, कांद्याची पात भरपूर परता, गर घाला, मीठ, कोथिंबीर. हळद नाही, टोमॅटो नाही, गरम मसाला तर नाहीच. बरोबर कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी किंवा पुरी.

दह्यातलं भरीत ही निराळी गोष्ट. गर पूर्ण गार झाल्यावरच दही घाला, नाहीतर पाणी सुटतं. कच्चा कांदा, मिरची, चिमूटभर साखर आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी.

परदेशात इंडक्शन शेगडी असेल तर ओव्हनच्या वरच्या जाळीखाली, पूर्ण तापमानावर, दोनदा उलटत भाजा. तिथलं मोठं काळपट वांगं पाणीदार असतं, तेव्हा सोललेला गर चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या.

काप तेल फार पितात.

वांग्याचा गर हवेच्या पोकळ्यांनी भरलेला असतो, तेल तिथे जाऊन बसतं. अर्ध्या सेंटिमीटरचे काप करून मीठ लावून वीस मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी दाबून काढा. तिखट-हळद लावून तांदळाचं पीठ आणि रव्यात घोळवा, चांगल्या तापलेल्या तव्यावर टाका. गार तव्यावर टाकलेला काप तेल पिणारच.

सुक्या मासळीबरोबर कोणती वांगी चांगली?

कोवळी, कमी बियांची, कोणतीही. सोडे पंधरा मिनिटं भिजवा, कांद्यावर परता, मग वांग्याच्या फोडी, शेवटी कोकम. आंबट आधी पडलं की वांगं शिजायला वेळ लावतं. सुकट मात्र कोरडी भाजून शेवटी घाला. कोकणात वाल आणि वांग्याची भाजीही याच बेताने होते, सोड्यांऐवजी सोललेले वाल.

वांगी वातूळ असतात का? खाऊन खाज येते.

ओठांना, जिभेला, घशाला खाज काही लोकांना खरोखर येते. ती वांग्याची अॅलर्जी असू शकते. तसं होत असेल तर ‘थोडं खाल्लं तर चालेल’ म्हणू नका, बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. कधीतरीच, जून वांग्यानं घसा खवखवत असेल तर कोवळी वांगी पूर्ण शिजवून खाऊन पाहा. पोट जड होणं बरेचदा तेल आणि दाण्याच्या कुटामुळेही असतं. झाडाची पानं मात्र खाऊ नका.

आमच्याकडे चातुर्मासात वांगं खात नाहीत. लागवड कशी बसवू?

आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदा-वांग्याचा शेवटचा बेत होतो आणि एकादशीपासून बंद. कुणी कार्तिकी एकादशीनंतर सुरू करतात, तर खंडोबाचा कुळाचार असलेल्या अनेक घरांत मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीपर्यंत, चंपाषष्ठीपर्यंत थांबतात. त्या दिवशी नैवेद्याला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा लागतो.

चंपाषष्ठी नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरात येते. पहिली तोडणी लावणीनंतर दोन-अडीच महिन्यांनी, रोपाला आधी महिना-दीड महिना. म्हणून नैवेद्याला घरचं वांगं हवं असेल तर बी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आडोशाला पेरा आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कुंडीत लावा. थोडी फळं आधी आलीच तर शेजाऱ्यांना द्या, पण झाडावर जून होऊ देऊ नका. हेच झाड पुढे भोगीच्या मिसळीच्या भाजीलाही पुरेल.